मला थायरॉईड नाही

वर्षभर आमच्या भाऊबंदकीत सगळ्यांना माहीत होतं, की मला थायरॉईड आहे. मी धुळ्याहून एसटीनं जळगावच्या दवाखान्यात जाते ती थायरॉईडसाठी, सकाळी गोळी घेते ती थायरॉईडची, आणि लग्नाकार्यात दिसत नाही ते थायरॉईडमुळं थकवा येतो म्हणून. माझे पती प्रवीण यांनी एकदा त्यांच्या मावशीला फोनवर तसं सांगितलं आणि मग ते घरोघर पोचलं. "थायरॉईडच का?" असं मी त्यांना विचारलं होतं.

ते म्हणाले, "थायरॉईडला कोणी हसत नाही."

मला थायरॉईड नाही. मला एडीएचडी आहे. माझ्यापुरतं सांगायचं तर लक्ष एका जागी टिकत नाही, आणि मनात आलेलं तोंडाबाहेर पडण्याआधी जिथं थांबायला पाहिजे, तिथं माझ्याकडे फाटकच नाही. हा आजार लहान मुलांचा असतो असं मी स्वतः शाळेत शिकवत असताना समजत होते. मुलं मोठी होतात, त्यांच्याबरोबर तोही मोठा होतो, हे मला पस्तिशी उलटल्यावर कळलं.

हे लिहून काय होणार, असं घरातून विचारलं गेलं. ज्या घरात कोणाला तरी आतल्या खोलीत बसवून ठेवलं आहे, तिथं हे वाचलं जावं एवढंच मला पाहिजे.

पंखा

आमच्याकडे मयताच्या घरी भेटायला जाण्याला दारावर जाणं म्हणतात. बाया सतरंजीवर बसतात, डोक्यावर पदर असतो, घरची बाई कोपऱ्यात असते. आलेली प्रत्येक जण तिच्या गळ्यात पडून रडते आणि मग शेजारी गप्प बसते. त्या गप्प बसण्यातच सगळं असतं. उठताना कोणी "येते" म्हणत नाही, घरचे "या" म्हणत नाहीत. नुसतं उठायचं आणि चालू लागायचं. हे लहान मुलांनाही माहीत असतं. मलाही माहीत होतं.

प्रवीण यांचे चुलतकाका शिंदखेड्याला वारले, तेव्हा मी माईंबरोबर, म्हणजे माझ्या सासूबाईंबरोबर, तिथं गेले. सगळ्या गप्प होत्या. डोक्यावर पंखा खडखड करत होता. ती खडखड माझ्या कानात शिरली आणि बाकी सगळं बाहेर गेलं. मी म्हणाले, "या पंख्याचं बेअरिंग गेलंय, काकू. बदलून घ्या, नाहीतर पडेल कोणाच्या तरी अंगावर."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाबरले, आणि घाबरले की मी आणखी बोलते. निघताना काकूंचा हात हातात घेऊन म्हणाले, "येते हं काकू. परत येऊ आम्ही निवांत."

माईंनी मला अक्षरशः ओढत बाहेर आणलं.

महिना झाला नसेल, त्याच घरातल्या आजी गेल्या. काकूंच्या सासूबाई. त्या वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या होत्या, पण ते कोणाला आठवलं नाही. आठवलं ते एवढंच, की हिनं परत येऊ म्हटलं होतं.

त्यानंतर मला कुठंही नेणं बंद झालं. कोणी भांडलं नाही. जीप भरायची, माई बसायच्या, प्रवीण बसायचे, आणि मला म्हणायचे, "तू थांब, घरी कोणी तरी पाहिजे."

निदान

मी धुळ्याच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. फैजपूरकडच्या एका खेड्यात माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, दुसऱ्यांच्या केळीच्या बागांत राबले आणि मला बीएस्सी, बीएड करू दिलं. त्यांचे उपकार कोणत्या शब्दांत सांगू? म्हणून आधीच सांगते, या लेखात कोणाबद्दल कडू आलं तरी आबांबद्दल येणार नाही.

शाळेत शिक्षकांसाठी एक व्याख्यान झालं. जळगावच्या समुपदेशक ताई आल्या होत्या. वर्गातली अशी मुलं कशी ओळखायची ते त्या सांगत होत्या. प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देतात. दुसऱ्याचा खेळ मोडतात. रांगेत थांबता येत नाही. मित्र टिकत नाहीत, आणि का टिकत नाहीत ते त्यांना कळत नाही. माझ्या शेजारच्या मॅडम म्हणाल्या, "आपल्या आठवी ब मध्ये आहेत असे दोघं-तिघं." मी काही बोलले नाही. मी काही बोलले नाही, हीच त्या दिवशीची मोठी बातमी होती.

धुळ्यात दाखवलं असतं तर रिसेप्शनवरच कोणी ओळखीचं भेटलं असतं, म्हणून जळगाव गाठलं. डॉक्टरांनी लगेच काही ठरवलं नाही. दोन-तीन वेळा बोलावलं, आणि मग म्हणाले, लहानपणी तुम्हाला पाहिलेलं कोणी तरी घेऊन या. मी आबांना नेलं.

आबा खुर्चीच्या कडेवर बसले, टोपी मांडीवर ठेवून. डॉक्टर विचारत गेले, आबा सांगत गेले. "हिले एका जागी बसवेच नही, साहेब. जेवता जेवता उठून पये. शायेतून रोज गाऱ्हानं. लोकाइच्या मंधात बोले. पन हुशार, बाप्पा, लय हुशार!"

डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगितलं. आबांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "हे तिले कधीपासून हाये?"

"जन्मापासून असतं, बाबा. तिची काही चूक नाही यात."

आबा बराच वेळ टोपीची घडी करत राहिले. मग म्हणाले, "मंग म्या हिले फुकट मारलं."

मला निदानाच्या दिवशी रडू येईल असं वाटलं होतं. आलं, पण स्वतःसाठी नाही. बसस्टँडवर आबांनी मला उसाचा रस पाजला आणि स्वतः घेतला नाही. मी त्यांना म्हणाले, "आबा, तुम्ही मारलं तरी शिकवलं ना. लोकांनी नुसतंच मारलं." ते हसले नाहीत, पण यावलची गाडी लागेपर्यंत माझा दंड धरून उभे राहिले.

घरी

घरी सांगितलं तेव्हा माई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. "तोंड बंद ठेवाले बी गोया लागतस का व माय?"

या एका वाक्याला उत्तर द्यायला मला वर्ष लागलं. गोळ्यांनी माझं तोंड बंद होत नाही. गोळीनं एवढंच होतं, की विचार आणि शब्द यांच्यामध्ये एक चिंचोळी फट पडते. त्या फटीत काय करायचं ते गोळी शिकवत नाही. ते माणसांकडूनच शिकावं लागतं.

प्रवीण वाईट नाहीत. त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे, चार माणसांत उठबस आहे, आणि चार माणसं काय म्हणतील हाच त्यांचा आजार आहे. त्याला औषध नाही. ते मला जळगावच्या गाडीत बसवून द्यायचे, डबा द्यायचे, आणि खाली उभं राहून म्हणायचे, "कोणी भेटलं तर थायरॉईड सांग."

घरात मोकळं बोलायला एकच जागा होती, सासरे. नाना. शेती भाच्याकडे देऊन ते धुळ्याला आमच्याकडे राहायला आले होते, आणि त्यांना कमी ऐकू यायचं. संध्याकाळी मी ओट्यावर त्यांच्याजवळ बसायची. ते बोलत असताना मी मध्ये बोलायची, मी बोलत असताना ते मध्ये बोलायचे, आणि दोघांनाही राग यायचा नाही. त्यांना तर कळायचंच नाही की मी त्यांचं बोलणं मध्येच तोडलं. मध्येच माझे ओठ हलताना दिसले की म्हणायचे, "बोल बोल, मी ऐकी ऱ्हायनू." काहीही ऐकत नसायचे.

रविवार

जळगावला त्या समुपदेशक ताईंचा एक गट दर रविवारी भरायचा. खरं तर मुलांचा वेगळा आणि मोठ्यांचा वेगळा हवा, पण मोठे येतायत कुठं? चार मुलं, मी आणि एक बँकेतले साहेब, असे आम्ही एकाच चटईवर बसायचो.

तिथं भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली स्वरा होती, चौथीतली. तिच्या वर्गातल्या मुली तिला खेळायला घेत नसत, कारण लंगडी चालू असतानाच ती नवे नियम काढायची. पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, "तुम्हाला कोण खेळायला घेत नाही?"

मी म्हणाले, "मोठ्या बायका."

"का?"

"मी मध्ये बोलते."

"मीपण." असं म्हणून ती माझ्या शेजारी येऊन बसली. इतक्या लवकर आणि इतक्या सोप्या रीतीनं माझी मैत्री आजवर कोणाशी झाली नव्हती.

ताई प्रत्येकाला विचारायच्या, तुम्हाला सगळ्यात भीती कुठं वाटते? मग तीच जागा चटईवर उभी करायच्या. बँकेतल्या साहेबांची मीटिंग झाली. स्वराचं मैदान झालं. माझ्या वेळी मी म्हणाले, "दारावर जाणं." ताईंना वाटलं मुलांसमोर नको, पण स्वरा आधीच चटईवर आडवी झाली होती. "मी मेलेली होते!"

मी डोक्यावर ओढणी घेऊन बसले. सगळे गप्प. खाली रस्त्यावर कोणीतरी केळ्यांचा ट्रक लावत होतं, हॉर्न वाजत होते. मी म्हणाले, "अरे, तो ट्रक रिव्हर्स..."

स्वरानं एक डोळा उघडला. "मॅडम! तुम्ही परत बोललात. मला नीट मरू तरी द्या."

बँकेतले साहेब इतके हसले की त्यांना बाहेर जावं लागलं. मीही हसले. त्या जागेच्या नावानं मला घाम फुटायचा, आणि तिथं मी पहिल्यांदा हसले.

नंतर आम्ही पुष्कळ गोष्टी शिकलो. मला ज्या लागू पडल्या त्या सांगते. तुमच्या वेगळ्या असतील. समोरचा बोलायचा थांबला की लगेच उडी मारायची नाही, एक घोट पाणी प्यायचं. बाटली जवळ ठेवायची. बोलायची फार घाई झाली तर सांगायच्या ऐवजी विचारायचं. "माझं पण असंच झालं" असं म्हणण्याआधी "मग पुढं काय झालं?" असं विचारायचं. आणि चूक झालीच तर पळायचं नाही. "मी तुम्हाला तोडलं, तुमचं पुरं करा," एवढं म्हणायचं आणि खरंच ऐकायचं. स्वराला ताईंनी शिकवलं, की नवा नियम सुचला तर डाव संपेपर्यंत मुठीत धरून ठेवायचा. ती खरोखर मूठ आवळून खेळायची. हळूहळू तिला खेळायला घेऊ लागले. रोज नाही, पण घेऊ लागले.

मुलांना हे लवकर येतं. आम्हा मोठ्यांना वेळ लागतो, कारण आमच्यावर आधीच शिक्के बसलेले असतात. आगाऊ. वाचाळ. अपशकुनी.

माझं भांडण

एक गोष्ट मला ताईंशी भांडूनच समजली. गटात येऊन दोन-तीन महिने झाले असतील. मी चिडून म्हणाले, "तुम्ही आम्हाला गप्प बसायलाच शिकवताय. ते तर आमच्या सासूबाई फुकट शिकवतात."

ताई म्हणाल्या, "मग तुम्हाला काय शिकायचंय?"

मी पाणी प्यायले. मग म्हणाले, "मला लोकांजवळ बसायला शिकायचंय."

ही दोन वेगळी शिक्षणं आहेत. घरातले, शाळेतले, सगळे आपल्याला पहिलं देऊ बघतात. आईवडिलांनो, तुमच्या मुलाला घेऊन कुठंही गेलात तर हे आधी विचारा. गप्प केलेलं मूल सुधारलेलं दिसतं. ते फक्त एकटं झालेलं असतं.

दुसरंही सांगते. आमच्या नात्यातले एक जण भर बैठकीत कोणाचंही वाक्य पुरं होऊ देत नाहीत. त्यांना लोक करारी म्हणतात. आमचे मुख्याध्यापक स्टाफरूममध्ये दुसऱ्याचं बोलणं ऐकताना मोबाईल बघतात. त्यांना कामाचा ताण आहे म्हणतात. वागण्याचे नियम सगळ्यांना सारखे लावा, मग मी माझ्या चुका मोजायला तयार आहे. मी आजारी आहे म्हणून मला माफ करा, असं मी म्हणत नाही. मी शिकते आहे. तुम्हीही थोडं शिका.

आतली खोली

उन्हाळ्यात नाना गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

आता दार आमचं होतं. लोक आमच्याकडे येणार होते. ओट्यावर पुरुष बसले, घरात सतरंजी अंथरली, कोपऱ्यात माई बसल्या. मी त्यांच्याजवळ बसायला गेले तशी मावशी, माईंची धाकटी बहीण, दोंडाईच्याहून आलेली, प्रवीणना म्हणाली, "तिले मझार बठाड. चार लोकंसमा काही बी बोली जाई."

मझार म्हणजे आत. प्रवीणनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग जमिनीकडे. मी आत गेले.

सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. भाकरी-पिठलं शेजारून येत होतं, चहासुद्धा शेजारून. मग आतल्या खोलीत मी काय करायचं होतं? गव्हाच्या कोठीला टेकून बसले. बाहेर रडणं चाललं होतं. प्रत्येक बाई आली की माईंचा आवाज नव्यानं फुटायचा, आणि माझ्या आणि त्यांच्या मध्ये एक भिंत होती. ज्या माणसाशी मी रोज संध्याकाळी बोलले, त्याच्यासाठी रडायला मला कोठी मिळाली होती.

एडीएचडीमुळं माझं पुष्कळ नुकसान झालं आहे. पण त्या खोलीत मला एडीएचडीनं बसवलं नव्हतं. माणसांनी बसवलं होतं. हा फरक मला तिथं बसून जितका स्पष्ट दिसला, तितका कुठल्याच दवाखान्यात दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केस बांधले, पाण्याची बाटली घेतली आणि बाहेर येऊन माईंच्या शेजारी बसले.

मावशी म्हणाली, "उठ व, मझार जाय."

"मावशी, मी इथंच बसणार."

"थायरॉइडवाली शे तू, थकी जाशी."

"मला थायरॉईड नाही." बाया ऐकत होत्या. तरी मी वाक्य पुरं केलं. "मला डोक्याचा त्रास आहे. वेड नाही. लक्ष टिकत नाही आणि मनातलं एकदम बोलून जाते. जन्मापासून आहे. औषध चालू आहे, शिकणं चालू आहे. माझ्या तोंडून काही गेलं तर मला तिथंच सांगा. पण मी आत बसणार नाही. नाना माझे पण होते."

 मग माई, ज्यांचा आवाज रडून रडून बसला होता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी तुना हात दाबसू. तव्हय उगी ऱ्हायजो." आणि त्यांनी माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

तुम्हाला वाटेल, आता सगळं नीट झालं असेल. नाही झालं. दुपारी गल्लीतल्या एक बाई आल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "नाना आयुष्यात कधी कोणाला वाकडा शब्द बोलले नाहीत."

मी म्हणाले, "बोलायचे की! तुमच्या मालकांना तर रोज लबाड..."

माईंनी हात दाबला. उशीर झाला होता. त्या बाईंचा पदर डोळ्यांवरच राहिला. मला आत पळून जावंसं वाटलं. पळायचं नाही, एवढं एकच आठवलं. "माझं चुकलं, वहिनी. मी तुम्हाला तोडलं. नानांबद्दल तुम्ही काय म्हणत होतात?" त्या पदर खाली घेऊन कोरड्या आवाजात नाना पोरांना लिमलेटच्या गोळ्या वाटायचे ते सांगू लागल्या. मी ऐकलं. शेवटपर्यंत.

संध्याकाळी लोक गेल्यावर मावशीनं प्रवीणना धरलं. उद्या शिंदखेड्याची भाऊबंदकी येणार होती, दोन जीप भरून. त्यात काकूही येणार. "त्यासना समोर तरी नको," मावशी म्हणाली. प्रवीण माझ्याजवळ आले. "वैशाली, फक्त उद्याचा दिवस."

"मला आत बसवायचं असेल तर बसवा," मी म्हणाले. "पण कोणी विचारलं तर खरं कारण सांगा. सांगा, की आम्हाला हिची लाज वाटते. थायरॉईड सांगितलं तर मी बाहेर येऊन खोटं पाडीन."

"तू मला धमकी देते?"

"नाही. मी आधी सांगून ठेवते आहे. मध्येच बोलण्यापेक्षा बरं ना?"

ते हसणार होते. घरात सुतक होतं म्हणून हसले नाहीत. उठून ओट्यावर गेले.

दार

सकाळी मी पुन्हा माईंच्या शेजारी बसले. प्रवीण दोनदा दारापर्यंत येऊन परत गेले.

उन्हं चढताना जीपा आल्या. ओट्यावर पुरुषांचा राम राम झाला, आणि थोड्या वेळानं कोणीतरी प्रवीणना विचारलं, सुनबाईंची तब्येत कशी आहे.  खिडकीतून त्यांचा आवाज आला, जरासा चाचरत. "थायरॉइड नही शे तिले, भाऊ. ते मी सांगेल व्हतं. दुसरं शे, डोकाना लक्षनं. लहानपनपासून शे. दवाखाना चालू शे." बाहेर कोणी हसलं नाही. कोणीतरी, पाऊसपाणी कसं, शाळा काय म्हणते, तसल्या काही गोष्टीकडे वळलं. जे सांगायला आम्ही वर्षभर घाबरलो, ते सांगायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

मग काकू आत आल्या. माईंच्या गळ्यात पडून त्या हेल काढून रडल्या. शांत झाल्यावर त्यांनी मला पाहिलं. सतरंजीवरच्या सगळ्या बायांनी त्यांना मला पाहताना पाहिलं.

मी पाणी प्यायले. मग सावकाश म्हणाले, "काकू, त्या दिवशी तुमच्या दारात मी बोलले ते चुकलं. तिथं तसं बोलायचं नसतं. त्याची माफी मागते. पण आजी माझ्यामुळं गेल्या नाहीत."

मावशीनं कपाळाला हात लावला.

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हातारीनी मना मांडीवर जीव सोडा," त्या म्हणाल्या. "तू व्हती का तठे?"

"नाही."

"मंग? तुना बोलावर कोनी मरस का?" त्यांनी पदरानं नाक पुसलं. "लोके काय, काही बी बोलतस. पन आते उगी बठ."

मी उगी बसले. एवढी माफी मला पुरली. त्यांनी मला जवळ घेतलं नाही, मीही तशी आशा केली नव्हती. पण त्या माझ्यासमोरून उठून दुसरीकडे बसल्या नाहीत.

खोलीत कोणीच बोलत नव्हतं. माझं डोकं त्याच्या त्याच्या वाटेनं धावत होतं, दाराशी पडलेल्या चपलांकडे, कोणाच्या तरी हातातल्या हिरव्या बांगडीकडे, बाहेर तापलेल्या जीपकडे. पण मी तिथंच बसले होते. कोणीही मला धरून बसवलं नव्हतं.

तेवढ्यात माईंनी माझा हात दाबला.

मी दचकले. माझ्या तोंडून काही गेलं का? मी आठवून पाहिलं. नाही. मी एक अक्षर बोलले नव्हते. मी माईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. समोर भिंतीशी नानांची रिकामी खाट उभी करून ठेवलेली होती, त्या तिच्याकडे बघत होत्या, आणि माझा हात दाबत होत्या, पुन्हा पुन्हा, नखं रुतेपर्यंत.

आतल्या दारातून मावशीनं मला खूण केली. शेजारून चहा आला होता, आत ये, कप भर, अशी.

मी मान हलवून नाही म्हटलं, आणि दुसराही हात माईंच्या हातावर ठेवला.